पाणीताईचं दुसरं वाचन

यंत्र म्हणालं

खेकडा. दोन जातींचे बेडूक. चतुर. दगडांखालच्या अळ्यांच्या बऱ्याच जाती. गाय. कुत्रा. साळिंदर. उंबर, किंजळ, करंज. माणूस, तपशील झाकलेला. बांगडा. बोंबील. महसीर.

हर्षाली पाष्टेनं पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या लहानशा ओहोळाच्या, काठी दगडावर बसूनच ही नावं वाचली. बांगडा आणि बोंबील तिनं लगेच बाद केले. वाडीतल्या बायका सुकी मासळी याच पाण्यात धुतात. समुद्रातला मासा डोंगरात दिसला तर तो कुणाच्या तरी कालवणातून आलेला असतो, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हसत हसत शिकवलं होतं.

महसीरपाशी मात्र ती थांबली.

वाकेशेत गावात महसीर कुणी खात नाही. खाली नदीत देवाचा डोह आहे. त्यात मांडीएवढाले महसीर फिरतात आणि गावात त्यांना कुणी महसीर म्हणतही नाही, देवाचे मासे म्हणतात. त्यांना लाह्या घालायच्या, हात जोडायचे, लांबून बघायचं. धरणं सोडाच, एखादा मासा काठाला लागून मेला तरी गावाचं तोंड चार दिवस उतरलेलं असतं. म्हणजे हा मासा कुणाच्या कालवणातून येणं शक्यच नव्हतं. मग एकच अर्थ उरत होता. तो इथं राहत होता. या घोटाभर पाण्यात, नकाशावर नाव नसलेल्या पऱ्यात, देवाच्या माशांची पिल्लं वाढत होती.

तिनं ‘पाठवा’वर बोट ठेवलं आणि वाचन जिल्ह्याला गेलं.

भावजी म्हणाले

“वहिनी, चहा ठेवा. कडक. मला शिव्या द्यायच्यात, घसा ओला पाहिजे.”

“कुणाला द्यायच्यात?”

“तुमच्या माशाला.”

मयूरेश पाष्टे, हर्षालीचा धाकटा दीर, गावचा सरपंच. दारातच चपला भिरकावून तो ओटीवर बसला.

“जिल्ह्याचा निरोप आलाय. रस्त्याचं काम स्थगित. आपला पऱ्या राखीव! काल मी त्यातून चालत आलो, धड चप्पल भिजली नाही माझी.”

“आता माघ आहे भावजी. पाणी कमीच असणार.”

“महसीर केवढा असतो? हा एवढा. तो त्या पाण्यात राहणार कसा, उभा?”

“पिल्लं असतील.”

“पिल्लं! मग त्यांची आई कुठून आली, एसटीनं?”

हर्षालीला हसू आलं. तिनं कप पुढे केला. मयूरेशनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“फाईल नदी मंडळाकडे गेली,” तो हळू आवाजात म्हणाला. “राखीव प्रवाहावर रस्त्याखालची साधी मोरी बांधायची तरी मंडळाची परवानगी. ती कधी येणार? श्रावणात. सिद्धीचे दिवस आषाढात भरतायत वहिनी.”



सिद्धी म्हणजे त्याची बायको, हर्षालीची जाऊ. दोन वर्षांपूर्वी भर पावसात तिला कळा सुरू झाल्या होत्या. तालुक्याहून रुग्णवाहिका निघाली होती, हल्लीच्या सगळ्या गाड्यांसारखी, चालक नसलेली. ती पऱ्याच्या पलीकडे येऊन थांबली. तिच्या डोळ्यांना रस्त्यावर पाणी दिसलं आणि असं पाणी ओलांडायचं नाही एवढं तिला शिकवलेलं होतं. ‘पुढे पाणी आहे. मार्ग सुरक्षित नाही,’ असं ती मऊ आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ड्रोननं हवेतून औषधाची पेटी आली. हवेतून औषध येतं, बाई जात नाही. शेवटी वाडीतल्या माणसांनी डोली केली आणि मयूरेशनं पुढचा दांडा खांद्यावर घेतला. पलीकडे पोचेपर्यंत उशीर झाला होता. सिद्धी वाचली. मूल नाही.

नवा रस्ता पऱ्याच्या वरून जाणार होता. पऱ्या एका जाड सिमेंटच्या पाईपात घालायचा, वर भराव, त्यावर डांबर. पाऊस लागायच्या आत.

“मी खोटं तर नाही ना लिहू शकत?” हर्षाली म्हणाली.

“तसं कुठं म्हणतोय मी?” मयूरेश उठला. “चहा बरा झालाय. मासा तेवढा वाईट निघाला.”

प्रशिक्षणात सांगितलं होतं

नदी म्हटलं की आपल्याला पूल दिसतो, घाट दिसतो, होडी दिसते. पण एखाद्या नदीला मिळणारं सगळं वाहतं पाणी उगमापासून मोजत आलं, तर त्यातली बहुतेक लांबी पऱ्यांची, ओहोळांची, पायाचा अंगठा बुडेल एवढ्या धारांचीच भरते. त्यांना नावं नसतात. जिथं बुजवावंसं वाटलं तिथं लोक ते बुजवत आले.

पऱ्यावर झाडांची सावली असते. त्यात पानं पडतात. पानांवर बुरशी धरते, बुरशीसकट ती पानं अळ्या कुरतडतात, अळ्यांना खेकडे आणि बेडूक खातात, आणि उरलेलं सगळं, पानांचा चुरा, अळ्या, गार पाणी, खाली नदीत जातं. नदीतला मोठा मासा पऱ्यात कधी पाऊल टाकत नसेल, म्हणजे पाऊल नाही, पर टाकत नसेल, तरी त्याच्या ताटातलं जेवण पऱ्यातून येतं. सांगणाऱ्या बाईंनी असंच सांगितलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता.

म्हणून उगम कायदा आला. कुठल्याही लहान प्रवाहाला हात लावण्याआधी तो वाचायचा. गावोगाव आशाताई असते तशी पाणीताई नेमली गेली, आणि प्रत्येकीला जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र मिळालं. पाण्यात राहणारा, पाणी पिणारा, पाण्यातून नुसता चालत गेलेला प्रत्येक जीव काहीतरी मागे सोडतो: खवला, लाळ, केस, शेण. त्यात त्याचा डीएनए असतो. यंत्रातल्या गाळणीतून पाणी ओतायचं. गाळणीवर अडकलेले डीएनएचे तुकडे यंत्र वाढवतं, आपल्याजवळच्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि चहा पिऊन होईस्तोवर नावं सांगतं. माणसाचं नाव सांगत नाही, तेवढी लाज त्याला शिकवलेली आहे.

यंत्र एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही. पाण्यात काय आलं हे त्याला कळतं. ते कसं आलं, हे पाणीताईनं ओळखायचं असतं.

कायद्यातला नियम सोपा होता. जपणुकीच्या यादीतला मासा सापडला तर पऱ्या राखीव. नाही सापडला तर काय करायचं ते गावानं ठरवावं. बेडूक, खेकडे, अळ्या यांच्यासाठी कायद्यात वाक्य नव्हतं. कायदा करणाऱ्यांनाही मासाच मोठा दिसला असावा.

गुरव म्हणाला

सभा शाळेच्या पडवीत भरली. मयूरेशनं स्थगितीची बातमी वाचून दाखवली आणि एकच गलका झाला.

“पऱ्यात महसीर? उद्या विहिरीत मगर निघेल!”

“पाणीताई, माझ्या पिंपात बघ गं काय हाय ते.”

“तुझ्या पिंपात पाणी निघालं तरी पुष्कळ.”

वाघजाईचे गुरव, दाजी, इतका वेळ खांबाला टेकून बसले होते. वय झालेलं, पण आवाज घंटेसारखा. ते उठले तशी पडवी गप्प झाली.

“हसताव कशाला? देवाचा मासा आईच्या पायाशी येयाचाच. वर उगमाशी वाघजाई बसलीय. माघात रोज पहाटे मी डोहातली घागर भरतो. मुक्यानं. वाटेत कुणाशी बोलायचं नाय, कुणाच्या नजरेला पडायचं नाय. ती घागर वर नेतो आन आईला आंघोळ घालतो. माझ्या बापानं घातली, त्याच्या बापानं घातली. ते पाणी आईच्या अंगावरनं पऱ्यात उतरतं. माशाला आपल्या पाण्याचा वास कळतो, म्हणून तो चढला! यंत्रानं आज सांगितलं. आमाला ठावं होतं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी वाघजाईच्या नावानं चांगभलं केलं.

हर्षालीनं टाळी वाजवली नाही. ती या गावात लग्न होऊन आली त्याला बारा वर्षं झाली होती. देवीला माघात आंघोळ असते हे तिला माहीत होतं. पाणी उगमाच्या झऱ्याचं असेल, असं तिनं कायम गृहीत धरलं होतं. खालच्या डोहातून, जिथं देवाचे मासे दाटीवाटीनं फिरतात तिथून, कुणी घागर भरून डोंगर चढत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पहाटेचं ते मौन इतकं नीट पाळलं गेलं होतं.

त्या घागरीत माशांची लाळ होती, खवल्यांचा चुरा होता. देवीच्या खांद्यावरून ते पाणी पऱ्यात उतरलं होतं, आणि त्याच सकाळी, खाली, हर्षालीनं आपली गाळणी धरली होती.

पऱ्यात मासा नव्हता. यंत्रानं घागर वाचली होती.

पडवीत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. दाजी अभिमानानं खाली बसले. आणि हर्षालीच्या लक्षात आलं की आपण गप्प बसलो तर हे कधीच कुणाच्या लक्षात येणार नाही.

गप्प बसलं तर पऱ्या वाचतो.

गप्प बसलं तर आषाढात रस्ता नाही.

सिद्धी म्हणाली

सिद्धी मागच्या पडवीत कडवे वाल सोलत होती. हर्षाली तिच्यासमोर बसली, दोन मुठी वाल पुढ्यात ओढले आणि सगळं सांगून टाकलं. बोलताना तिनं मान वर केली नाही.

“म्हणजे पाहुणे मासे,” सिद्धी म्हणाली.

“मासेसुद्धा नाहीत. माशांचं धुणं.”

“ह्यांना सांगितलंत?”

“नाही. भावजींना सांगितलं की स्थगिती उठेल आणि पुढच्या आठवड्यात पाईप येऊन पडेल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

हर्षालीनं जावेच्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली.

“ताई,” सिद्धीनं सोललेला वाल भांड्यात टाकला, “तुम्ही माझ्याकडे कौल लावायला आलायत. मी काय वाघजाई आहे?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे. मी म्हणायचं, जाऊ दे ताई, पऱ्या वाचवा, माझं मी बघेन. आणि मग तुम्ही रडायचं.” ती हसली, पण तिचा हात थांबला होता. “खरं सांगू? मला तो पऱ्या नकोसा झालाय. पावसात त्याचा आवाज वाढला की मी कानात बोटं घालते. बुजवला तर सुटले, असं पुष्कळदा वाटतं. पण तुम्ही तिथं उन्हाचं बसून पाणी गाळता तेही मी बघते. तुम्हाला त्याचं काहीतरी दिसतं, ते मला दिसत नाही. असेलही. फक्त एक आहे, नसलेल्या माशासाठी मी डोलीत बसणार नाही.”

हर्षालीनं एक वाल सोलून भांड्यात टाकला.

“परत वाचा ना,” सिद्धी म्हणाली. “नीट. एकदा काय ते खरं कळू दे.”

“रोज पहाटे घागर चढतेय. माघ संपेपर्यंत ते पाणी खोटंच बोलणार. आणि तोवर थांबलं तर काम पावसाआधी होणार नाही.”

“दाजींना सांगा, थोडे दिवस नका घालू आंघोळ.”

“देवीची आंघोळ बंद करा म्हणू? मलाच डोहात टाकतील.”

“मग बंद नका करू. परातीत घाला.”

“काय?”

“देवीला. परातीत बसवा आणि घाला आंघोळ, पोरांना घालतात तशी. पाणी परातीत साठेल, ते फणसाच्या मुळाशी ओता. पऱ्यात थेंब जाणार नाही.” सिद्धीनं जावेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय झालं? देवीला परात चालत नाही का?”

हर्षालीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. नंतर तिला कळलं की ते पाणी एकट्या हसण्याचं नव्हतं.

देवी म्हणाली

आधी भावजींना सांगितलं.

मयूरेशनं सगळं ऐकलं, मांडीवर थाप मारली, “घागरीतून! एसटीनं नाही, घागरीतून आले!” असं ओरडला आणि मग वहिनीकडे वळला.

“हे तुम्ही स्वतःहून सांगताय?”

“हो.”

“तुमचं यंत्र काढून घेतील.”

“घेतील तर घेतील. पण भावजी, दुसरं वाचन होईपर्यंत पाईप आणायचा नाही. आणि त्या वाचनाला तुम्ही माझ्याबरोबर यायचं. सगळीकडे. मी म्हणेन तिथं.”

“साक्षीला?”

“दगड उचलायला.”

मग दोघं दाजी गुरवांकडे गेले. परातीचं ऐकून दाजींनी दोन्ही कानांना हात लावले. परातीत भाकरीचं पीठ मळतात, आई काय भाकरी आहे? तांब्याची नवी कोरी परात आणू, मयूरेश म्हणाला. नवी झाली म्हणून काय झालं, परात ती परातच. शेवटी दाजीच म्हणाले, “मी कोण सांगणारा? तिलाच विचारूया.”

वर, उगमाशी, उंबराच्या सावलीत वाघजाईची काळी मूर्ती होती. दाजींनी ओल्या बोटांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात पऱ्या आला, मासे आले, यंत्र आलं, आणि ‘गावची लेकसून अवघडलीय, तिची वाट मोकळी कर’ हेही आलं. मयूरेशनं मान खाली घातली.

सगळे थांबले. दोन्ही पाकळ्या वाळत चालल्या तरी पडेनात. वारा नव्हता. हर्षालीला वाटलं, जिल्ह्याचा निकाल याच्यापेक्षा लवकर लागतो.

उजवी पाकळी हलली, जरा घसरली आणि पडली.

“घ्या,” दाजी म्हणाले, जणू परातीची कल्पना मुळात त्यांचीच होती. “परात मोठी आणा म्हंजे झालं. तिला ऐसपैस बसायची सवय हाय.”

दुसरा पऱ्या म्हणाला

काही दिवस पऱ्याला नुसतं आपलं स्वतःचं पाणी वाहू दिलं. बायकांनीही मासळी दुसरीकडे धुतली. मग एका सकाळी हर्षाली आणि मयूरेश यंत्र घेऊन निघाले.

रस्ता जिथं पऱ्या ओलांडणार होता तिथं तिनं पाणी गाळलं. यंत्र घुमलं. नावं आली. बांगडा नव्हता, बोंबील नव्हता.

महसीर नव्हता.

“सुटलो,” मयूरेश म्हणाला. पण त्याला वाटलं होतं तेवढा आनंद त्याच्या आवाजात नव्हता. त्यानं वहिनीकडे पाहिलं. “वाईट वाटलं?”

“वाटलं. आता तो दगड उचला.”

त्यानं उचलला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या होत्या, प्रत्येक नळीतून एकेक अळी डोकं काढत होती. दुसऱ्या दगडाखाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या सैरावैरा पळाल्या. तिसऱ्याखालचा खेकडा त्याच्या बोटाला चावला.

“अरे, हे अजून आहेत इथं?” मयूरेश बोट चोखत म्हणाला. “लहानपणी मी आणि दादा इथंच धरायचो. हा त्याचा नातू असणार. खुन्नस धरून बसलाय.”

मग ती दोघं खाली डोहावर गेली. मासे सवयीनं काठाशी आले. तिथलं पाणी गाळल्यावर यंत्रानं महसीर सांगितला, आणि त्याच्या पाठोपाठ वरच्या त्या अळ्यांची नावं, जवळजवळ सगळी. डोहाचा तळ खोल आणि गाळाचा. तिथं त्या अळ्या राहू शकत नाहीत. त्या वरून वाहत आल्या होत्या.

“मासे वर जात नाहीत भावजी. वरचं त्यांच्यापर्यंत येतं.”

मयूरेशनं खिशातल्या लाह्या पाण्यात टाकल्या. माशांनी त्या खाल्ल्या. “आणि मी समजत होतो गाव यांना पोसतं,” तो म्हणाला.

शेवटचं वाचन खालच्या वाडीत. तिथला पऱ्या चार वर्षांपूर्वी पाईपात घातला होता. पाईपाच्या तोंडाशी पाणी कोमट होतं आणि त्याला कुबट वास येत होता. यंत्रानं कुत्रा सांगितला, माणूस सांगितला, डासाच्या अळ्या सांगितल्या आणि ते थांबलं. मयूरेश न सांगता वाकला आणि त्यानं दगड उचलला. खाली शेवाळाचा चिकट थर. आणखी एक उचलला. आणखी एक. शेवटी तो हात पँटला पुसत वर भरावाकडे पाहू लागला. भरावाला मोठी खोक पडली होती आणि ती नव्या मातीनं भरलेली दिसत होती.

वरून एक म्हातारी जात होती. “काय शोधताव रं?” तिनं विचारलं.

“आजी, हा रस्ता कधी खचला?”

“कवा नाय खचत ते विचार. मोठा पाऊस झाला की वरनं फांद्या येतात नि पाईपात बसतात. मंग पाणी जाईल कुठं? रस्त्यावर येतं. दर पावसात येतं.”

म्हातारी गेली. मयूरेश बराच वेळ त्या पाईपाच्या काळ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

“वहिनी,” तो म्हणाला, “रस्त्यावर पाणी आलं की ती गाडी थांबणार.”

“हो.”

“रस्ता बांधूनसुद्धा थांबणार.”

हे हर्षालीच्याही डोक्यात नव्हतं. ती अळ्या दाखवायला त्याला घेऊन आली होती.

इनामदार मॅडम म्हणाल्या

“पाईपच का? अहो, तो पऱ्या आमच्या नकाशात नव्हता. नकाशात नसलेल्या पाण्याला एक पाईप पुरतो, असा हिशेब असतो.” इंजिनियर शर्वरी इनामदार फोनच्या पडद्यावर कान खाजवत होत्या. “आता राखीव आहे की नाही ते आधी नक्की सांगा. आधी होता म्हणालात.”

“नाही,” हर्षाली म्हणाली. “ती माझी चूक. दुसरं वाचन जिल्ह्याला कळवलंय. त्यांनी स्थगिती उठवली.”

“आणि तुम्हाला काय म्हणाले?”

“म्हणाले, चूक कशी झाली ते लिहून पाठवा, दुसऱ्या पाणीताईंना शिकवायला उपयोगी पडेल.”

मयूरेश मध्ये तोंड घालून म्हणाला, “त्या धड्यात आमच्या वाघजाईची परात येणार आहे, मॅडम.”

इनामदार मॅडमना यातलं काही कळलं नाही. “राखीव नसेल तर उत्तम. मंडळाला विचारायला नको, पंचायत ठरवेल ते. कमान टाकू. दोन्ही काठांवर पाय, मध्ये मोकळं. पऱ्याचा तळ आहे तसा राहील, दगडसुद्धा हलवायचा नाही. फांद्या आल्या तर निघून जातील. कमानीचे तुकडे हल्ली कारखान्यातच छापून मिळतात, इथं आणून नुसते जोडायचे.”

“पावसाआधी?”

“पाईप टाकायला जेवढा वेळ, साधारण तेवढाच.”

मयूरेशनं वहिनीकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. “मग हे आधी का नाही सुचवलंत?”

“आधी तुम्ही पऱ्या आहे असं सांगितलंच नाहीत, सरपंच. तुम्ही म्हणालात, मध्ये थोडं पाणी आहे.”

मयूरेशनं जीभ चावली. हर्षालीनं हसू दाबण्यासाठी पदर तोंडाला लावला. ती खरं बोलली नसती तर पऱ्या राखीव राहिला असता, आणि त्यावर ही कमानसुद्धा श्रावणापर्यंत कागदावरच राहिली असती.

कुणी काही म्हणायच्या आत

मुलगी आषाढात झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, दुपारच्या जेवणाच्या आधी. रडली तेव्हा बाहेर बसलेल्या मयूरेशनं शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, आणि त्या माणसानं, त्याची स्वतःची बायको अजून आत असताना, आधी याचं अभिनंदन केलं. हे सगळं नंतरचं.

त्याच्या आधी सकाळ होती. रात्रभर कोसळलेला पाऊस जरा ओसरला होता. रुग्णवाहिका थेट अंगणात आली. मयूरेश पुढे बसला, जिथं पूर्वी चालक बसायचा. सिद्धी मागे आडवी. हर्षाली तिच्या उशाशी.

गाडी निघाली तसे सिद्धीनं डोळे घट्ट मिटून घेतले आणि जावेचं मनगट धरलं. तिची नखं रुतत होती. कळ आली, गेली. पुन्हा आली. तिचा श्वास कळांसाठी नव्हे तर दुसऱ्याच कशासाठी तरी अडकून राहिला होता, हे हर्षालीला कळत होतं.

खिडकीतून तिला सगळं दिसत होतं. करंजाची ओली पानं. रस्त्याचं वळण. कमानीचा कठडा. खाली पऱ्या फुगून मातकट झाला होता, एक आख्खी फांदी फिरत फिरत कमानीखाली शिरली आणि क्षणात दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून डोहाकडे निघून गेली. गाडीचा वेग कमी झाला नाही. पुढे बसलेल्या मयूरेशची मान जरा ताठ झाली होती. मग ती सैल पडली.

बराच पुढे आल्यावर सिद्धीनं दातांवर दात दाबून विचारलं, “ताई, पऱ्या आला का?”

“मागे राहिला गं.”

सिद्धीनं डोळे उघडले. “कधी?”

“मघाशीच. डांबरी सडक लागली बघ.”

ती छताकडे पाहत राहिली. तिचा इतका वेळ रोखलेला श्वास सुटला, लांबलचक. मग तिला एकदम राग आला.

“मग आधी नाही का सांगायचं?” ती म्हणाली. “मी उगाच डोळे मिटून बसले.”